जिनची भट्टी आणि जॉन वेस्ली

1734 साली लंडनच्या ज्युडिथ डिफूरने पोटच्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला, गरीबखान्यातून तिला मिळालेले नवे कपडे विकले आणि त्या पैशांची जिन प्यायली. समाज रसातळाला चालला, हा तेव्हाच्या धर्मोपदेशकांचा सूर त्यामुळे निव्वळ कांगावा म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो दोष कुणाच्या माथी मारला याचा. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक, धर्मोपदेशक जॉन वेस्लीने 1743 च्या नियमांत आपल्या अनुयायांना कडक दारू पिण्याचीच नव्हे, विकण्याचीही मनाई केली. 1773 मध्ये तर गहू भट्ट्यांत जातो म्हणून पाव महागतो, असा रोखठोक हिशेब त्याने मांडला. पापाचा माग तो नफ्यापर्यंत काढत गेला.

जिन ओसरली ती प्रवचनांनी नव्हे, जिनविक्रीला आळा घालणाऱ्या 1751 च्या कायद्याने आणि पुढच्या नापिकीने, असा आक्षेप आहे. तो बराचसा खराही आहे. पण कायद्याने दुकाने आवरतात, विक्रेत्याला अपराधी वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा. 1802 मध्ये दुर्गुणनिर्मूलनासाठी निघालेली संस्था वर्षाला पाचशे पौंडांहून अधिक मिळकत नसलेल्यांचेच दुर्गुण हुडकते, असा टोला सिडनी स्मिथने 1809 मध्ये हाणला. स्मिथ स्वतःही पाद्रीच! टोला अचूक होता, मात्र वेस्लीला तो लागू पडत नाही.