मदतीचे मोजमाप

दिलेल्या द्रव्याचा हिशेब ठेवणे सोपे असते. त्या द्रव्याने काय साधले, हे ठरविणे कठीण. मार्शल योजनेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने पश्चिम युरोपास सुमारे १३ अब्ज डॉलरांचे साहाय्य केले. प्रत्येक राष्ट्राने वेगळी याचना न करता सर्वांनी मिळून योजना आखावी, अशी तिची अपेक्षा होती. तदनुसार एप्रिल १९४८ मध्ये १६ राष्ट्रांची संघटना स्थापन झाली.

या साहाय्यामुळेच युरोप सावरला काय? उत्पादनाची वाढ मदत पोचण्यापूर्वीच सुरू झाली होती, असे अ‍ॅलन मिलवर्ड या इतिहासकाराने १९८४ साली प्रतिपादन केले. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु व्यापार मात्र दोन-दोन देशांच्या करारांत अडकून पडला होता. एका शेजाऱ्याकडून मिळालेले चलन दुसऱ्याचे देणे फेडण्यास चालत नसे. १९५० मध्ये युरोपीय देवघेव संघ निघाला. सर्वांची परस्पर येणी-देणी दरमहा वजा होऊन निव्वळ बाकी तेवढी उरू लागली. त्यासाठी अमेरिकेने दिलेले भांडवल होते ३५ कोटी डॉलर, म्हणजे एकूण साहाय्याच्या तीन टक्क्यांहूनही कमी. १९५८ च्या अखेरीस प्रमुख चलने परिवर्तनीय झाली आणि गरज सरल्यामुळे संघ विसर्जित करण्यात आला.

म्हणून परीक्षकाने खर्चाची वही अवश्य तपासावी. पण दात्याने हात काढून घेतल्यावरही शेजाऱ्यांचा व्यवहार चालू राहिला काय, हे विचारल्यावाचून ती मिटू नये.