हसत हसत युद्ध संपवताना

युद्धावरची कादंबरी हाती घेणाऱ्याला शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (1988) वाचताना 14 जानेवारी 1761 हा दिवस टळणार नाही, हे मराठी वाचकाला पुरते माहीत असते. तरी तो थांबत नाही. इतिहासाने ठरवून टाकलेल्या शेवटाकडे लेखक कसा नेतो, यातच त्याला गोडी वाटते. आता दुसरे एक पुस्तक डोळ्यांपुढे आणा. त्यात देश काल्पनिक, राजे काल्पनिक, युद्धाचे कारण हास्यास्पद आणि निवेदक पानोपानी टिंगल करणारा. इथे इतिहासाचा धाक नाही. लेखकाच्या मनात आले तर एका ओळीत युद्ध थांबेल आणि मेलेले उठून बसतील. इतकी मोकळीक असलेले पुस्तक संपवताना ‘हां, असेच व्हायला हवे होते’ असे वाटते, ते कशाच्या बळावर?

युद्धावरच्या विनोदी फँटसीचा अभ्यास या प्रश्नापाशी सुरू होतो. ही प्रस्तावना या वाटेला पहिल्यांदाच लागणाऱ्यांसाठी आहे. पूर्वतयारी फारशी लागत नाही. विनोद गंभीरपणे घेण्याची तयारी मात्र लागते. शेवटांविषयी बोलायचे म्हणजे ते सांगून टाकणे आलेच, तेव्हा ज्यांना पुस्तके कोरी वाचायची असतील त्यांनी आधी ती वाचावीत आणि मग इकडे यावे.

आधी क्षेत्राची हद्द पाहू. युद्धाची टर उडवणारी प्रत्येक कादंबरी यात बसत नाही. यारोस्लाव हाशेकचा श्वेक हा शिपाई पहिल्या महायुद्धाची बेअब्रू करतो, पण ते युद्ध खरे आहे. 1923 च्या जानेवारीत हाशेक वारला आणि पुस्तक अपुरेच राहिले. जोसेफ हेलरच्या ‘कॅच-22’मध्ये (1961) योसारियन अखेरीस स्वीडनकडे पळायला निघतो, आणि युद्ध त्याच्यामागे चालूच राहते. खऱ्या युद्धावर लिहिणाऱ्या विनोदकाराला यापलीकडे फारसे काही करता येत नाही. त्याचा नायक निसटू शकतो, मरू शकतो, वेड पांघरू शकतो. युद्ध थांबवू शकत नाही. फँटसीच्या लेखकाला ते करता येते. हे त्याचे सामर्थ्य, आणि त्याच्यापुढचा मोठा मोहही हाच. जादूच्या कांडीने मिळालेली शांतता वाचकाला फुकटची वाटते, आणि फुकटच्या शांततेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

या पेचाशी पहिली झटापट अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या रंगभूमीवर झाली. स्पार्टाशी युद्ध इ. स. पू. 431 मध्ये सुरू झाले होते. सहा वर्षांनी ॲरिस्टोफेनीसने ‘आकार्नियन्स’ रंगमंचावर आणले. त्यातला डिकाइओपोलिस युद्धाला इतका विटतो की स्पार्टाशी स्वतःपुरता खासगी तह करून मोकळा होतो. तहाचे नमुने त्याच्याकडे मद्यासारखे चाखायला येतात: पाच वर्षांचा, दहा वर्षांचा, तीस वर्षांचा. तो तीस वर्षांचा पसंत करतो. इ. स. पू. 421 मधल्या ‘पीस’ या नाटकात द्राक्षमळेवाला त्रिगेयस शेणकिड्यावर स्वार होऊन थेट स्वर्गात पोचतो. तिथे देव घर सोडून गेलेले, आणि शांतिदेवता दगडांखाली गाडलेली. शेणकिड्याने स्वर्ग गाठला तरी देवीला वर काढायचे काम त्याच्या हातचे नाही. त्यासाठी दोर लागतात आणि ते ओढायला शेतकरी लागतात. अद्भुत माणसाला दारापर्यंत आणते. पुढचे काम घामाने होते. नाटकाच्या अखेरीस शस्त्रांचे व्यापारी धंदा बुडाल्याची रड घेऊन येतात आणि त्यांच्या चिलखतांचे भलतेच उपयोग सुचवले जातात. हा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच अथेन्स-स्पार्टाचा तहही झाला. तो टिकला नाही. युद्ध पुन्हा भडकले आणि इ. स. पू. 404 मध्ये अथेन्स हरले. पुढच्या सगळ्या परंपरेचा आराखडा या एका नाटकात सापडतो: अचाट प्रवास, साध्या अवजाराने झालेली सुटका, आणि शेवटाबाहेर दबा धरून बसलेले पुढचे युद्ध.

शेवटाविषयीचे सिद्धांत इथे कितपत उपयोगी पडतात? नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’मध्ये (1957) दाखवले की सुखात्मिकेच्या शेवटी एक नवा समाज जमतो आणि त्यात होईल तितक्यांना, अडवणूक करणाऱ्यांनाही, सामावून घेतले जाते. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून परतलेल्या टोल्किन यांनी 1939 च्या एका व्याख्यानात परीकथेतल्या अचानक सुखद वळणाला सर्वोच्च स्थान दिले. आणि नाट्यशास्त्रात भरताने सांगून ठेवले की निर्वहण संधीत, म्हणजे कथानकाचे सगळे धागे एकत्र येतात तिथे, अद्भुत रस असावा. युद्धावरच्या विनोदी फँटसीला भरताचा नियम वेगळ्या रीतीने पाळावा लागतो. तिथे अद्भुत पहिल्याच पानावर उधळलेले असते. चार हत्तींच्या पाठीवर जग, हत्ती कासवावर, गल्लीबोळांत बटू आणि ट्रोल. एवढे पाहून झाल्यावर शेवटी आणखी एका चमत्काराने कोण चकित होणार? चकित करते ते उलटेच: रोजच्या व्यवहारातली एखादी साधी गोष्ट युद्धासारख्या अवाढव्य प्रकरणावर लागू पडते हे.

या पद्धतीचा सर्वांत कसलेला कारागीर म्हणजे टेरी प्रॅचेट (1948–2015). सतराव्या वर्षी शाळा सोडून तो स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाला, पुढे वीजमंडळाचा प्रसिद्धी अधिकारी झाला. 1983 ते 2015 या काळात त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतल्या 41 कादंबऱ्या आल्या. त्यांतली 1997 ची ‘जिंगो’ या अभ्यासाचे उत्तम प्रवेशद्वार आहे. अँख-मॉरपॉर्क हे शहर आणि क्लॅच हे साम्राज्य यांच्यामधल्या समुद्रातून एके रात्री लेश्प नावाचे बेट वर येते. कोणाच्याच कामाचे नसलेले हे बेट दोघांनाही हवे असते. 1831 मध्ये सिसिलीच्या दक्षिणेला असेच एक ज्वालामुखी बेट वर आले होते. ब्रिटन, फ्रान्स आणि सिसिलीचा राजा या तिघांनी त्याला तीन नावे दिली, हक्क सांगितले, आणि सहा महिन्यांत ते समुद्राने गिळले. इतिहास कधीकधी विनोदकाराचे अर्धे काम आधीच करून ठेवतो.

‘जिंगो’चा नायक सॅम व्हाइम्स हा शहराच्या पोलिसांचा प्रमुख. सगळे शहर युद्धज्वराने फणफणलेले असताना तो मात्र एका खुनाच्या प्रयत्नाचा तपास करत असतो. सुरुवातीला ही त्याची खोड विनोदी वाटते: जग पेटले आहे आणि हा गृहस्थ साक्षीदार शोधतो आहे. पण अखेर वाळवंटात दोन सैन्ये समोरासमोर उभी राहतात तेव्हा व्हाइम्स तेच करतो जे त्याला येते. तो दोन्ही सेनांना, सेनापतींसकट, शांतताभंगासाठी अटक करतो. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की यात चूक काही नाही. एकाने एकाला मारले तर गुन्हा, मग हजारांनी हजारांना मारायचा बेत केला तर तो गुन्हा का नव्हे? कादंबरीभर खोड म्हणून पाहिलेली गोष्ट इथे कायदा होते. प्रॅचेटच्या शेवटांचे गमक हे आहे: आधी पेरलेला विनोद शेवटी विनोद राहत नाही.

पण ‘जिंगो’ थोर ठरते ती आणखी एका गोष्टीमुळे. व्हाइम्सच्या खिशात वेळापत्रक सांभाळणारे एक छोटे यंत्र असते, आत एक पिशाच्च बसवलेले. गोंधळात त्याच्या हाती दुसऱ्याच कालप्रवाहातले यंत्र येते. त्या प्रवाहातला व्हाइम्स शहर सोडून गेलेला नाही. तिथे युद्ध शहराच्या वेशीपाशी आले आहे, आणि यंत्र कोऱ्या, कारकुनी आवाजात त्याच्या सहकाऱ्यांचे मृत्यू एकेक करून नोंदवत जाते. इकडे सैन्ये लढण्याऐवजी चेंडू खेळू लागतात, आणि खिशातून मेलेल्यांची नावे येत राहतात. सुखाचा शेवट कशाच्या किमतीत पडला असता, याचा हिशेब लेखक वाचकाच्या हाती ठेवतो. इथे जादू आहे, पण ती युद्ध थांबवायला वापरलेली नाही. जमाखर्च लिहायला वापरली आहे. ज्या विनोदी युद्धकथेत हा खर्चाचा रकाना नसतो तिचा शेवट गोड लागतो, पण पुरत नाही.

सहा वर्षांनी आलेल्या ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’ने (2003) हाच नियम अधिक कडक करून तपासला. बोरोग्राव्हिया हा छोटा देश सतत कोणाशी ना कोणाशी लढत असतो. त्याचा देव चॉकलेटपासून निळ्या रंगापर्यंत वाटेल ते निषिद्ध ठरवत सुटला आहे. पॉली पर्क्स पुरुषाचा वेश घेऊन सैन्यात भरती होते: बेपत्ता भाऊ सापडला नाही तर घरची खानावळ हातची जाईल, कारण बाईच्या नावावर मालमत्ता होत नाही. मग तुकडीतला एकेक शिपाई बाईच निघू लागतो. पहिल्यांदा हसू येते, तिसऱ्यांदा अंदाज येतो, आणि विनोद सेनापतींच्या टेबलापर्यंत पोचतो तेव्हा तो देशाच्या कारभारावरचा आरोप झालेला असतो. या कादंबरीत चमत्कारही घडतो. मृत डचेस एका मुलीच्या तोंडून बोलते आणि सेनाधिकाऱ्यांना घरी जायला सांगते. तह होतो. दुसरा लेखक इथेच थांबला असता. प्रॅचेट पॉलीला खानावळीत परत नेतो, काही काळ जाऊ देतो, आणि पुन्हा युद्धाचे वारे वाहू लागतात. चमत्काराने आणलेली शांतता विरते. मग पॉली स्वतः निघते. आता कोणाला शोधायला नव्हे, ते युद्ध थांबवायला. वाचकाला समाधान मिळते ते युद्ध संपले म्हणून नव्हे, तर ते संपवायचे काम आता कोणाचे आहे हे स्पष्ट झाले म्हणून.

‘थड!’ (2005) याच प्रश्नाला इतिहासाच्या बाजूने भिडते. कूम खोऱ्याच्या लढाईत बटू आणि ट्रोल यांनी एकमेकांवर एकाच वेळी दबा धरून हल्ला केला, ही डिस्कवर्ल्डमधली जुनी थट्टा. शेवटी गुहेत जो पुरावा सापडतो त्यावरून कळते की दोन्ही राजे तिथे तह करायला आले होते. पिढ्यान् पिढ्या ज्या दिवसाच्या नावाने शत्रुत्व पोसले गेले, तो दिवस मुळात शांततेचा होता.

या क्षेत्रात भांडणेही आहेत, आणि नवागताने ती टाळू नयेत. विनोद युद्धाला हलके करतो, हा जुना आक्षेप. त्याचे उत्तर प्रत्येक पुस्तकाने आपापले द्यायचे असते. दुसरा आक्षेप आपल्याला अधिक जवळचा आहे. ‘जिंगो’तले क्लॅच म्हणजे पाश्चात्त्य कल्पनेतला पूर्वेकडचा मुलूख: वाळवंट, तंबू, वाकड्या तलवारी. कादंबरी त्या कल्पनेचीच खिल्ली उडवते आणि क्लॅचला अहमद नावाचा व्हाइम्सच्या तोडीचा पोलीसही देते. तरी कॅमेरा बहुतेक वेळ अँख-मॉरपॉर्कच्या खांद्यावर असतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी साम्राज्याचे दुसरे टोक पाहिले त्या वाचकांनी हे नोंदवलेच पाहिजे. शेवटी जमलेल्या नव्या समाजात कोणाला खुर्ची मिळाली आणि कोण दाराशी उभे राहिले, हा फ्रायच्या सिद्धांताला विचारायचा आपला प्रश्न आहे.

वाचनाची सोय पाहता क्रम असा ठेवावा: आधी ‘पीस’, मग ‘जिंगो’, मग ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’. प्रॅचेटच्या बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणे नसतात, त्यामुळे मध्ये थांबायला जागा सापडत नाही. पहिल्या वाचनात थांबूही नये. तळटीपा गाळू नयेत. अनेकदा शेवटाचे बी तिथेच टाकलेले असते. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यावी आणि शेवटात कामी आलेली प्रत्येक वस्तू आधी कुठल्या विनोदात आली होती ते शोधत मागे जावे. समीक्षेची ओळख हवी असेल त्यांनी अँड्र्यू बटलर, एडवर्ड जेम्स आणि फारा मेंडलसन यांनी संपादित केलेला प्रॅचेटवरचा लेखसंग्रह (2000) पाहावा.

तमाशातल्या सोंगाड्याने भर दरबारात राजाला वेड्यासारखे प्रश्न विचारावेत आणि ते खरे निघावेत, हे मराठी प्रेक्षकाला नवे नाही. म्हणून या अभ्यासात मराठी वाचक परका पाहुणा ठरत नाही. त्याच्याकडे युद्धाच्या शोकाची मोठी परंपरा आहे आणि सत्तेला हसण्याचीही. त्या दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच शेवटावर येऊन कशा भेटतात आणि मराठीत त्या कुठे भेटल्या, कुठे भेटता भेटता राहिल्या, हे शोधण्याचे काम अजून खुले आहे. ते ज्याला हाती घ्यावेसे वाटेल, त्याचे या क्षेत्रात स्वागत आहे.