सहावीचा प्रवेश: खासगी शाळा की निवड परीक्षेची सरकारी शाळा? (जबलपूर जिल्हा)

आपला पाल्य पाचवीत असेल तर निर्णयाची वेळ आताच आहे. निवासी सरकारी शाळांचे अर्ज मूल पाचवीत असतानाच भरावे लागतात. नवोदयची परीक्षा तर एकदाच देता येते. निवड करताना फक्त सहावीचा खर्च पाहू नका, बारावीपर्यंतचा खर्च पाहा.

खासगी शाळेत सहावीला मोफत जागा मिळते का?

नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 12(1)(ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांतील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात. पण हा प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात, म्हणजे नर्सरी, केजी किंवा पहिलीत होतो. सहावीला नव्याने प्रवेश घेतल्यास पूर्ण शुल्क भरावे लागते.

पाल्य आधीपासून आरटीईच्या जागेवर शिकत असेल तर त्याचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत राहते. नववीपासून ती शाळा नेहमीचे शुल्क घेऊ शकते.

परीक्षेने प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा

*जवाहर नवोदय विद्यालय, बरगी नगर*
- सहावीत जास्तीत जास्त 80 जागा. सीबीएसई, बारावीपर्यंत, निवासी.
- राहणे, जेवण, गणवेश व पुस्तके मोफत. नववीपासून विकास निधी म्हणून दरमहा 600 रुपये. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि बीपीएल कुटुंबातील मुलांना हा निधी माफ आहे.
- किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. एक तृतीयांश जागा मुलींसाठी.
- परीक्षा 2 तासांची, 80 प्रश्न, 100 गुण: मानसिक क्षमता 50, अंकगणित 25, भाषा 25. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.
- मूल जबलपूर जिल्ह्याचे रहिवासी हवे आणि पाचवी याच जिल्ह्यात शिकत असावे.

*एकलव्य आदर्श निवासी विद्यालय, रामपूर छापर*
- अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी, सहावीपासून, निवासी व मोफत. मुले आणि मुलींना निम्म्या-निम्म्या जागा.

*श्रमोदय आवासीय विद्यालय, जबलपूर*
- मध्य प्रदेश भवन व इतर संनिर्माण कर्मकार कल्याण मंडळात नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी. निवासी व मोफत. अर्जापूर्वी मजूर कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे तपासा.

एकापेक्षा जास्त शाळांसाठी पात्र असल्यास सर्व अर्ज भरा. नवोदयच्या अर्जाला शुल्क लागत नाही.

ग्रामीण की शहरी? हा मुद्दा चुकवू नका

नवोदयच्या ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण शाळेत शिकलेले असावे. या काळात एक दिवसही शहरी शाळेत नाव असेल तर मूल शहरी गणले जाते. गावात राहून जबलपूर शहरातील खासगी शाळेत जाणारे मूलही शहरी ठरते आणि त्याला उरलेल्या खुल्या जागांसाठी स्पर्धा करावी लागते. म्हणून नवोदयचा विचार असेल तर तिसरीत शाळा बदलण्यापूर्वीच हे लक्षात घ्या.

आरटीईची जागा सोडावी का?

- पाल्य आरटीईमधून खासगी शाळेत असेल तर परीक्षा द्यायला हरकत नाही. परीक्षेने सध्याची जागा जात नाही.
- निवड झाल्यावर टीसी काढली की आरटीईची जागा संपते. पुढे परत यायचे झाल्यास शुल्क भरून यावे लागेल.
- राहिल्यास मोफत शिक्षणाची तीन वर्षे (सहावी ते आठवी) उरतात. निवासी शाळेत गेल्यास सात वर्षे मिळतात.
- मूल घरापासून दूर राहू शकेल का, हे त्याच्याशी बोलून ठरवा. नवोदयमध्ये नववीत काही विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयात पाठवतात, हेही आधीच सांगून ठेवा.

शुल्क भरून खासगी शाळेत घालायचे असल्यास

- आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी देणगी घेणे किंवा मुलाची वा पालकांची चाचणी घेणे बेकायदेशीर आहे (कलम 13). चाचणीसाठी पहिल्यांदा 25,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही (सर्वोच्च न्यायालय, 2014).
- वर्षाला 25,000 रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेणाऱ्या शाळेला 10 टक्क्यांहून अधिक वाढीसाठी जिल्हा समितीची मंजुरी लागते. या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.
- पुस्तके किंवा गणवेश ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती शाळा करू शकत नाही.
- 2024 मध्ये जबलपूर जिल्हा प्रशासनाने शुल्कवाढीची तपासणी करून 11 खासगी शाळांविरुद्ध गुन्हे नोंदवले होते. प्रत्येक पावती जपून ठेवा. तक्रारीत तीच उपयोगी पडते.

निवड झाली नाही तर

जवळच्या सरकारी माध्यमिक शाळेत किंवा सांदीपनि विद्यालयात (पूर्वीचे सीएम राइज) चौकशी करा. सरकारी शाळेत आठवीपर्यंत शिक्षण, पुस्तके आणि मध्यान्ह भोजन मोफत आहे. गावात माध्यमिक शाळा नसेल आणि दुसऱ्या गावातील सरकारी शाळा 2 किलोमीटरहून दूर असेल तर सहावीला सायकलही मिळते. टीसी मिळायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही (कलम 5).

लाडली लक्ष्मी योजनेत नोंद असलेल्या मुलीला सहावीत प्रवेश घेतल्यावर 2,000 रुपये मिळतात.

कागदपत्रे

- समग्र आयडी आणि आधार
- जन्म प्रमाणपत्र
- पाचवीच्या शाळेचे प्रमाणपत्र (मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह)
- मूळ निवासी प्रमाणपत्र
- लागू असल्यास जात प्रमाणपत्र, बीपीएल कार्ड, मजूर कार्ड

सर्व कागदांवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, हे अर्जापूर्वी पाहा. फरक असल्यास आधी दुरुस्ती करून घ्या.

केव्हा आणि कुठे?

नवोदयचे अर्ज साधारणपणे पावसाळ्यात ऑनलाइन सुरू होतात आणि परीक्षा डिसेंबर किंवा जानेवारीत होते. नक्की तारीख व वयाची अट त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहा. मोबाइलवरून अर्ज भरता येत नसेल तर मुलाच्या शाळेतील मुख्याध्यापकांची मदत घ्या. तक्रारीसाठी जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या किंवा सीएम हेल्पलाइन 181 वर फोन करा.