‘वैतरणा’ आगबोटीचे बेपत्ता होणे (१८८८) : गूढ आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना : समुद्रात एखादे जहाज मागमूस न ठेवता नाहीसे झाले की त्याभोवती दंतकथा निर्माण होतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत नोव्हेंबर १८८८ मध्ये बेपत्ता झालेली ‘वैतरणा’ ही आगबोट याचे ठळक उदाहरण होय. या घटनेत खरोखर अज्ञात काय आणि ज्ञात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटना : महाराष्ट्रातील नदीचे नाव धारण करणारी ही आगबोट १८८५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधण्यात आली. मुंबईतील शेफर्ड कंपनीच्या मालकीची ही बोट कच्छमधील मांडवी ते मुंबई अशी वाहतूक करीत असे. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून निघून तिने द्वारकेस आणखी उतारू घेतले. हवामान बिघडल्यामुळे पोरबंदरला न थांबता ती थेट मुंबईकडे वळली. मांगरोळच्या किनाऱ्याजवळ ती अखेरची दिसली, असे सांगितले जाते. शोधासाठी पाठविलेल्या आगबोटी रिकाम्या हाती परतल्या.

विवेचन : मृतांची संख्या सामान्यतः ७४६ (७०३ उतारू व ४३ खलाशी) मानली जाते, लोकपरंपरेत ती तेराशेपर्यंत पोहोचते. हाजी कासम हे कप्तानाचे नाव आणि ‘वीजळी’ची स्मृती गुजराती लोकगीतांनी जपली. या गीतांतील शोक अस्सल आहे. परंतु त्यातून उभी राहते ती दैवाची प्रतिमा. चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाने मात्र पुरेशा जीवरक्षक होड्या व जाकिटे नसल्याबद्दल ताशेरे ओढले. पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात चक्रीवादळे उद्भवतात, हे नाविकांना अपरिचित नव्हते. बिनतारी संदेशयंत्रणा अद्याप अस्तित्वात आली नव्हती. म्हणून संकटात सापडलेल्या बोटीची भिस्त तिच्यावरील साधनांवरच होती आणि नेमकी तीच अपुरी होती. पुढे १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय कराराने जहाजावरील सर्वांसाठी होड्यांची तरतूद मान्य केली. तत्पूर्वी २४ वर्षे हाच धडा ‘वैतरणा’ने दिला होता, तो घेतला गेला नाही.

निष्कर्ष : बोट नेमकी कोठे व कोणत्या क्षणी बुडाली, एवढेच या प्रकरणातील गूढ होय. वादळ, उतारूंची गर्दी आणि साधनांचा अभाव या बाबी गूढ नाहीत. अवशेष सापडले नाहीत म्हणून उत्तरदायित्वही बुडाले, असे मानणे इतिहासदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.