कोपऱ्यातली तारीख

बेळगावची शिवजयंती फेब्रुवारीत नसते. महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी धरली तरी इथे परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयाच चालते, आणि तिच्या पाठोपाठ निघणारी चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालून उजाडता उजाडता संपते. हँडीकॅमवर तारीख चालू ठेवून या मिरवणुकीचं शूटिंग केलेलं असलं, की एक गंमत दिसते. चौक तोच, ढोल तोच, पण मध्यरात्र झाली की पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा गुपचूप एकने पुढे सरकतो.

हा आकडा शूटिंगवाल्यांना कधीच आवडला नाही. लग्नाचं काम घेणारा माणूस खांद्यावर भलाथोरला पॅनासॉनिक आणि सोबतीला हॅलोजनचा दिवा धरणारा पोऱ्या घेऊन यायचा. नवरीच्या चेहऱ्यावर पिवळट आकडे कशाला, म्हणून तो तारीख आधी बंद करायचा. मग मिक्सिंगमध्ये बदामाच्या आकारात वधूवरांची नावं यायची आणि जमलं तर लग्नाची तारीखही. कोपऱ्यातली तारीख चालू राहायची ती हौशी लोकांकडून, बहुतेक वेळा बंद करायचं बटण न सापडल्यामुळे. आज त्या काळचं घरगुती चित्रण पाहताना कबूल करावं लागतं, की सगळ्यांत कुरूप दिसणारी ही तारीखच सगळ्यांत चिवट निघाली. कॅसेटवरून सीडी करा, सीडीवरून फाइल करा, ती चित्राबरोबरच जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असेल, तर चूकही तितकीच चिवट.

बेळगावच्या किल्ल्यातले दोन शिलालेख आठशे वर्षांपूर्वीच्या, तारीख चालू ठेवणाऱ्या शूटिंगवाल्यांचेच म्हणावे लागतील. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले हे लेख पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पोचले, पण शके ११२७ हा काळ दगडातच कोरलेला असल्यामुळे तो कुठे सांडला नाही.

व्हीएचएस कॅसेट जपानात १९७६ साली आली. आपल्याकडे १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि व्हिडिओचा धंदा फोफावला. या कॅसेटच्या पोटात तारखेसाठी वेगळी जागाच नव्हती. तारीख कोपऱ्यात असेल, नाहीतर वेष्टनावरच्या चिकटपट्टीवर, बॉलपेनने लिहिलेली. चिकटपट्टी निघाली की खेळ खलास.

मग व्हिडिओ सीडी आली. एका तबकडीत तास-सव्वा तास मावायचा, त्यामुळे अक्षता पहिल्या सीडीत आणि पंगत तिसरीत. संगणकात घातल्यावर तिथल्या फाइलवर जी तारीख दिसे, ती साधारणपणे सीडी तयार केल्याची. लग्न वैशाखातलं आणि तारीख श्रावणातली, असा प्रकार. १९९५ साली आलेल्या मिनी डीव्हीने हा घोळ निस्तरला होता. तिच्यात प्रत्येक चौकटीबरोबर तारीख आणि वेळ अदृश्यपणे नोंदली जाई. फायरवायरच्या वायरीने टेप जशीच्या तशी संगणकात उतरवली तर नोंद शाबूत राहायची. पण घाईत टीव्हीच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने उतरवली, की चित्र यायचं आणि नोंद टेपमध्येच राहायची.

निपाणीचं उदाहरण याच्या उलट आहे. तिथल्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांच्या संघटनेवर दीपा धनराज आणि युगांतर या गटातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. पुढे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या पुढाकाराने त्याचं डिजिटल रूप झालं. त्या डिजिटल फाइलचा जन्म अर्थातच एकविसाव्या शतकातला, तरीही कुणी फसत नाही, कारण सूचीत साल लिहिलेलं आहे. घरच्या कॅसेटला सूची कोण करणार?

ते काम आता फोटोंच्या सॉफ्टवेअरवर सोपवलेलं असतं, आणि नेमकी गोम तिथेच आहे. अॅपलच्या फोटोजमध्ये बसून कुणी जुन्या लग्नाची तारीख दुरुस्त करतो. ती दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत जाते. मग ‘मूळ फाइल’ म्हणून एक्स्पोर्ट केली की जुनी चुकीची तारीखच बाहेर येते. गूगल फोटोजमधून सगळा साठा उतरवून घेतला, तर प्रत्येक चित्रफितीसोबत जेसन नावाची चिठ्ठी येते आणि खरी तारीख तिच्यात असते. ‘या कसल्या फालतू फायली’ म्हणून लोक त्याच आधी उडवतात. व्हॉट्सअॅपची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या फाइलच्या नावात जो दिवस असतो, त्याचा शूटिंगच्या दिवसाशी संबंध असेलच असं नाही.

एमपीफोर फाइलच्या आत वेळ मोजली जाते ती १ जानेवारी १९०४पासूनच्या सेकंदांत, आणि तीही ग्रिनिचच्या घड्याळाने. रकाना रिकामा राहिला तर काही सॉफ्टवेअर सरळ १९०४ साल दाखवतात. साडेपाच तासांचा फरक मिळवायला एखादं सॉफ्टवेअर विसरलं, तर नरक चतुर्दशीच्या पहाटे साडेचारचं अभ्यंगस्नान आदल्या रात्री अकराला होतं. फिल हार्वे यांनी २००३ पासून फुकट उपलब्ध करून दिलेल्या एक्झिफटूलने असे रकाने फाइलच्या आतच सुधारता येतात. त्यासाठी आधी खरी तारीख माहीत हवी.

ती माहीत नसेल, तर सीमाभागात शोधायला खुणा बऱ्याच आहेत. वरातीतल्या जीपवर केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) दिसलं, तर चित्रण नव्या मोटार वाहन कायद्यानंतरचं, म्हणजे १९८९च्या अलीकडचं. महामार्गालगत हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभी दिसली, तर उद्घाटनाचा ऑक्टोबर २०१२ आठवायचा. सरकारी फलकावर ‘बेळगावी’ असेल, तर १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं. निपाणी तालुका म्हटलेलं असेल तर आणखी अलीकडचं, कारण २०१८पर्यंत निपाणी चिकोडी तालुक्यातच होती. सगळ्यांवर कडी लग्नपत्रिकेची. तिथी, वार, मुहूर्त आणि इंग्रजी तारीख एकाच कागदावर सापडते, आणि पत्रिका बहुधा आजीच्या ट्रंकेत असतेच.

पत्रिका नसेल तर फक्त साल हाती लागतं. पण सॉफ्टवेअरला दिवस आणि महिनाही लागतो, म्हणून लोक १ जानेवारी टाकून मोकळे होतात. मग दरवर्षी नववर्षाच्या सकाळी फोन आठवण करून देतो, ‘आजच्या दिवशी’, आणि पडद्यावर भर मे महिन्यातली, घामाने निथळणारी वरात नाचत असते.