नवऱ्यावरची केस आणि बायकोचा अर्ज

 

मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक उरकली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बाया उठल्या. एक जण मात्र मागं थांबली. दहावी पास, तिशीतली, हिशोबाला पक्की. गावची पोलीस पाटलाची जागा निघाली होती. म्हणाली, "ताई, अर्ज भरावं वाटतं. पण आमच्या मालकावर केस आहे, बांधाच्या भांडणाची. घरचे म्हणतात, अशा घरातल्या बाईला सरकार घेत नसतंय. उगं गावात हसू होईल."

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून आज त्यावर बोलू. एकाच्या नावावरचा गुन्हा सगळ्या घराच्या कपाळी लावायची ही रीत आली कुठून, ते आधी बघू.

१८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला. गुन्हेगार जमातींचा कायदा. चोरी कोणी केली हे त्यात बघायचंच नव्हतं. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेलं लेकरूही त्याच यादीत. १९११ च्या कायद्यानं हे मुंबई इलाख्यापर्यंत पोचलं. बोटांचे ठसे, ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं तर पास. लेकरांना आईबापापासून तोडून वेगळं ठेवायची तरतूदसुद्धा त्यात होती. सोलापूरला तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती, तिला लोक सेटलमेंट म्हणत. तिथल्या बाईचा गुन्हा काय, तर ती अमक्याची लेक आणि तमक्याची बायको.

आपल्याकडं राज्य निजामाचं, पण संशय तोच. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' या पुस्तकात आपल्या घरची गोष्ट लिहिली आहे. १९८७ साली ते आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गटाच्या पेटीत ठेवण्यासारखं पुस्तक आहे. पोलीस दारात आले की घरातल्या बाईवर काय गुदरतं, ते त्यात वाचायला मिळतं. मला विचाराल तर सगळी सरकारी कागदपत्रं एका बाजूला आणि ते पुस्तक एका बाजूला.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पुढं १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमात नाही, माणसाला स्वतःला झालेल्या शिक्षा मोजायच्या होत्या. कागदावर फरक मोठा झाला. पारधी वस्तीतल्या बायांना विचारलं तर त्या सांगतील, ठाण्यातली नजर कागदाइतकी लवकर बदलली नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. ३० जानेवारी १९४८ ला हैदराबाद मुक्तीच्या लढ्यातल्या लोकांनी उमरीची बँक लुटली. पैसा चळवळीसाठी हवा होता. निजाम सरकारच्या लेखी हा सरळ दरोडा, आणि त्यात सामील असणाऱ्याची बायको म्हणजे दरोडेखोराची बायको. १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य गेलं आणि तीच माणसं स्वातंत्र्यसैनिक झाली. १९७२ साली केंद्रानं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं. त्यासाठी पुरावा काय मागितला? तुरुंगात होतो याचा दाखला! पुरुषाला सहा महिन्यांचा तुरुंगवास, बाईला पुढं तीन महिन्यांचा. सैनिक गेला असेल तर पेन्शन त्याच्या विधवेला. ज्या कागदाची लाज वाटावी असं सरकारला वाटत होतं, तोच कागद पुढं म्हाताऱ्या बाया ट्रंकेत जपून ठेवू लागल्या.

बांधाचं भांडण म्हणजे स्वातंत्र्यलढा नव्हे, हे मलाही कळतं. पण नोंद कुणी केली, कशासाठी केली, हे बघावं लागतं, एवढं त्यातून दिसतं.

स्वतंत्र भारतात सरकारी नोकरीआधी चारित्र्य पडताळणी आली. तिच्यावरही कोर्टात वाद झाले. मध्य प्रदेशातले एक शिक्षक, रमाशंकर रघुवंशी. त्यांची शाळा सरकारनं ताब्यात घेतली, पोलिसांचा अहवाल आला की हे पूर्वी अमुक पक्षाच्या, अमुक संघटनेच्या कामात होते, आणि १९७४ ला त्यांना काढून टाकलं. १९८३ साली सुप्रीम कोर्टानं ते चूक ठरवलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या निकालात अशा पोलिसी अहवालांच्या भरवशावर माणसाची भाकरी काढून घेण्यावर कडक शब्दांत लिहिलं आहे.

मग आज कागदावर विचारतात काय? केंद्र सरकारच्या नोकरीत लागताना जो साक्षांकनाचा नमुना भरतात, त्यात आईवडिलांचं आणि नवऱ्याचं नाव, पत्ता, धंदा, नागरिकत्व विचारतात. अटक, खटला, शिक्षा हे प्रश्न मात्र अर्जदाराबद्दल असतात: तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर केस चालू आहे का, तुमच्याकडून कधी बाँड लिहून घेतला का. गुप्तचर खातं, संरक्षण खात्यातली गुपिताची कामं, तिथं घरच्यांचीही कसून चौकशी होते आणि ती व्हावीच. पोलीस पाटलाच्या बाबतीत १९६८ चा आदेश उमेदवाराचं चारित्र्य आणि पूर्वीचं वागणं तपासायला सांगतो. नवऱ्याचा घरातूनच दारूचा धंदा चालत असेल तर बाईच्या अर्जावर प्रश्न उठणारच. जिनं गावातल्या गुन्ह्याची खबर द्यायची, तिच्याच घरात तो असून कसं चालेल? बांधाच्या भांडणाचं तसं नाही.

खरी मेख त्या बाँडच्या प्रश्नात आहे. बांधावरून वाद झाला की पोलीस दोन्ही घरांवर चॅप्टर केस करतात. पूर्वी ते कलम १०७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात १२६ झालं. त्या कागदात पुष्कळदा सासू, सुना, नणंदा सगळ्यांची नावं जातात. पुरुष तहसीलला जाऊन येतात, बायांना सांगतच नाहीत.

लपवलं तर काय होतं? २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी यावर निकाल दिला. माहिती खरीच द्यायची. किरकोळ केस खरी सांगितली असेल तर नेमणूक करायची मोकळीक अधिकाऱ्याला आहे. खरं सांगितल्यावरही पूर्वीचं वागणं बघून नाही म्हणायचा अधिकार त्याला राहतो. आणि ज्या गोष्टीची अर्जदाराला माहितीच नव्हती, ती लपवली असा ठपका ठेवता येत नाही. म्हणजे काही वेळा केसपेक्षा खोटंच महागात पडतं.

हे सगळं त्या बाईला सांगितलं आणि म्हटलं, अर्जाआधी ठाण्यात जाऊन चौकशी कर. एकटी जाऊ नको, गटातल्या दोघींना घेऊन जा. त्या तिघी गेल्या. नवऱ्याची केस तर निघालीच. चार वर्षांपूर्वीच्या चॅप्टर केसमध्ये तिचं स्वतःचं आणि सासूचंही नाव निघालं. बाँडवर तिचा अंगठा होता. सही करता येणाऱ्या बाईचा अंगठा! तो कुणी, कधी घेतला ते तिला आठवेना.

घरी आली ती रडतच. दोन दिवस अर्ज तसाच पडला. तिसऱ्या दिवशी सासूच म्हणाली, मुदत चालली, भर की. केसचा नंबर, तारीख, काय निकाल लागला, सगळं तिनं आपल्या हातानं लिहिलं, नकला जोडल्या आणि प्रांत कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली. खाली सही केली, अंगठा नाही. लेखी परीक्षेची तारीख अजून यायची आहे. रात्री जेवणं झाली की मुलीच्या पुस्तकातून ती अभ्यास करते.