शिक्षकाची पगारवाढ : वर्षांची की निकालांची?

१/ शिक्षक अनुभवी झाला की त्याचे वेतन वाढावे, हे आज आपण गृहीत धरतो. मात्र ही वाढ कशावर ठरवायची, सेवेच्या वर्षांवर की विद्यार्थ्यांच्या निकालावर, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. महात्मा फुले यांनीही त्यावर आपले म्हणणे सरकारपुढे मांडले होते.

२/ आधी इंग्लंड. तेथे १८४६ पासून प्रमाणपत्रधारक शिक्षकांच्या वेतनात सरकार थेट भर घालत असे. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या 'रिव्हाइज्ड कोड'ने ही भर बंद केली. यापुढे अनुदान शाळेच्या व्यवस्थापकांना मिळणार होते : सरासरी हजेरीवर प्रत्येक मुलामागे ४ शिलिंग आणि सहा वर्षांवरील मुलाच्या परीक्षेचे ८ शिलिंग. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी प्रत्येक नापास विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात.

३/ शिक्षकाला आपले वेतन व्यवस्थापकांशीच ठरवावे लागे. अनुदान घटले की त्याची झळ त्यालाही बसे. वीस वर्षांचा अनुभव इन्स्पेक्टरच्या एका दिवसाच्या तपासणीवर तोलला जाऊ लागला. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते. खरे वाचन न येताही मुले घोकंपट्टीने परीक्षेत उत्तीर्ण करून घेता येतात, हे त्यांनी आपल्या अहवालात दाखवून दिले. १८९० च्या दशकात ही पद्धत तेथे मोडीत निघाली.

४/ तोपर्यंत ती मुंबई इलाख्यातही पोहोचली होती. येथील खासगी शाळांचे अनुदान निकालांवर ठरू लागले होते. अशा काळात, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोग नेमला गेला आणि १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी त्याला निवेदन सादर केले.

५/ त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी नेमक्या मागण्या होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शक्यतो शेतकरी समाजातला, नांगर किंवा वाकस हाती धरण्यात कमीपणा न मानणारा असावा. त्याचे वेतन १२ रुपयांपेक्षा कमी नसावे. मोठ्या गावांत ते १५ किंवा २० रुपये असावे. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे त्याच्याकडे सोपवावीत, म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढेल.

६/ आणि ज्याची अधिक मुले उत्तीर्ण होतील, त्याला वेतनाव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा. लो आणि फुले यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते. निकाल दोघांनीही मोजला. परंतु लो यांच्या व्यवस्थेत निकाल बिघडला की शाळेच्या मूळ उत्पन्नालाच कात्री लागे. फुल्यांच्या योजनेत मूळ वेतन सुरक्षित राही आणि निकालाचे बक्षीस त्यावर मिळे.

७/ पुढे एक शतक ओलांडून येऊ. १९८३ मध्ये डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षक आयोग नेमला गेला. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला शिकवणे न सोडताही वर चढता यावे, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. मुख्याध्यापकाची खुर्ची शाळेत एकच असते. बाकीच्यांनी काय करायचे?

८/ महाराष्ट्रात १९८९ च्या शासन निर्णयाने उत्तर आले : १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी. जुने शिक्षक पहिलीला आजही 'चट्टोपाध्याय' म्हणतात. अट सेवांतर्गत प्रशिक्षणाची, निकालाची नाही. निवडश्रेणीला मात्र २० टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे २४ वर्षे शिकवूनही अनेकांच्या वाट्याला ती आली नाही.

९/ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वेतनवाढ आणि पदोन्नती गुणवत्तेशी जोडण्याचा विचार पुन्हा मांडला आहे. गुणवत्ता कोण आणि कशी मोजणार, यावर चर्चा होईलच. पण १८६२ आणि १८८२ एकत्र वाचले, तर त्याआधीचा प्रश्न दिसतो : मोजमाप चुकले, तर शिक्षकाचे बक्षीस जाणार की भाकरी?